चार पोरं खुडूक बसली

"त्या टोपलीपाशी जो जाईल, त्याचा कान उपटून अलवाच्या जुरीत बांधीन. मंग जा कान शोदत बाजारात."

"आजी, पण आतून आवाज येतोय. टकटक असा," अनुष्का म्हणाली.

"येनारच. आज एकविसावा दिस हाय. पिल्लं भाईर येवाला बगतान."

"मग आपण वरून फोडून हेल्प करू या ना."

"तू जन्माला आलीस तवा दवाखान्यात कोनी हातोरी आनलेली?"

ही अनुष्का, आठ वर्षांची पोर, आचोळ्याच्या चौथ्या मजल्यावर वाढलेली. तिच्या बिल्डिंगखाली गुडघाभर पाणी भरलं म्हणून तिच्या आईनं, म्हणजे कमळीच्या लेकीनं, ऋतिकानं, तिला दोन दिवस आजोळी आणून सोडलं होतं. त्याला आता चार दिवस झाले होते. पाऊस काही उतरत नव्हता.

कमळी वसईजवळच्या होळी गावात राहते. माहेर खाडीकाठच्या मिठागराच्या गावातलं. लग्न होऊन वाडीत आली त्याला चाळीस वर्षं झाली, पण माहेरची भाषा तिनं सासरच्या पाण्यात विरघळू दिली नाही. मुलगा कल्पेश सुरुवातीला म्हणायचा, "आई, पोरांसमोर जरा शुद्ध बोल." ती म्हणायची, "मी शुद्दच बोलतंय, तुज्या कानांत मल हाय." पुढं त्यानं नाद सोडला.

माहेरून भाषेबरोबर तिनं आणखी एक गोष्ट आणली होती, ती म्हणजे कोंबड्यांचं वाण. अंगावर राखाडी ठिपके, मान उघडी, तोंडाच्या भांडकुदळ. चाळीस वर्षं त्या वाणाची पिल्लावळ तिच्या अंगणात फिरत होती. मधे गिऱ्हाइकं आली, रोग आले, जावई आले, तरी वाण टिकलं. पण यंदा जेठात मुंगसानं दोन कोंबड्या नेल्या आणि उरली ही एकटी राखी. आषाढात ती खुडूक झाली, तेव्हा कमळीनं तिला घरातच, मोरीशेजारच्या कोपऱ्यात, टोपलीत भाताचा पेंढा घालून अकरा अंड्यांवर बसवलं. पेंढ्याखाली जुना कोयता ठेवला. वीज कडाडली तर तिचा धक्का लोखंडानं घ्यावा, अंड्यांनी घेऊ नये.

हा कोयता पाहून अनुष्का पहिल्या दिवशी खूप हसली होती. "आजी, ॲक्च्युअली तो अर्थिंगसाठी लागतो, आणि तो जमिनीत पुरावा लागतो."

"माजी आजी बी ठेवाची. तिची पिल्लं निंगाची. तुज्या अर्थिंगनं किती पिल्लं काढली?"

आता खरी भानगड अशी, की तोच कोपरा सुनेलाही हवा होता. मीरा वालीवला एका कारखान्यात पॅकिंगला जाते. संध्याकाळी सातला भिजून घरी आली की सगळ्या घराचे कपडे तिची वाट बघत असतात. तिनं दोन वर्षं भिशी लावून कपडे धुवायचं मशीन घेतलं, आणि ते खोक्यासकट पडवीत येऊन उभं राहिलं, कारण नळ आणि बोर्ड दोन्ही फक्त त्या कोपऱ्यात, आणि कोपऱ्यात राखी. सासवा-सुना भांडल्या नाहीत. भांडल्या असत्या तर लवकर मिटलं असतं. दोघी अगदी गोड बोलल्या आणि तोड निघाली: या खेपेला पिल्लं निघाली तर ती मोठी होईपर्यंत कोपरा कोंबडीचा. नाही निघाली तर राखी शेजारच्या मर्सीला द्यायची, घरातल्या कोंबड्या कायमच्या बंद, आणि मशीन आत.

म्हणून आजचा एकविसावा दिवस कमळीला शांत हवा होता. खुडूक कोंबडीला दंगा खपत नाही. शेवटच्या दिवशी ती बिथरून उठली आणि अंडी गार पडली, तर आतलं पिल्लू कवचाला चोच लावून तिथंच मरतं.

आणि नेमक्या ह्याच दिवशी शाळांना सुट्टी, सकाळपासून वीज गायब, मोबाइलच्या बॅटऱ्या मेलेल्या, आणि घरात चार पोरं. अनुष्का, कल्पेशची दोन म्हणजे सात वर्षांचा वेदांत आणि चार वर्षांची खुशी, आणि चौथा मर्सीचा क्लेटन. मर्सी दवाखान्यात नर्स. ड्यूटीला जाताना तिनं छत्रीखालून पोरगं आत ढकललं आणि म्हणाली, "कमळीबाय, जरा बघशील गं, शहाणा आहे तो."

शहाणा क्लेटन दहा वाजेपर्यंत तीनदा पलंगावरून पडला.

कमळी जमिनीवर फतकल मारून अळू बांधत होती. पहाटे पावसातच तिनं वाडीतून पन्नास जुड्यांचं अळू कापून आणलं होतं. पाच वाजता टेम्पो नाक्यावर येतो. श्रावणात अळवाला वसईच्या बाजारात मागणी, पण सुट्या पानांना कोण विचारतो? जुडी हवी, देठ एका बाजूला, केळीच्या सोपटानं आवळलेली. हात चालू, आणि हातासोबत तोंडही.

"वेदांत, झोपाल्यावर उभा नको ऱ्हाऊ."

"मी उभा नाही, मी लटकतोय."

"लटकू बी नको. माकराच्या जल्माला जाशील."

"चालेल."

पोरांनी क्रमानं सगळं करून पाहिलं. उशांचा डोंगर झाला. गोगलगाईला शर्यतीत उतरवलं, ती बक्षीस नको म्हणून खुर्चीखाली गेली. वेदांतनं मशीनच्या खोक्याला पेन्सिलनं भोक पाडून आत बघितलं आणि आत अंधार आहे अशी बातमी आणली. मग भांडणं झाली. कोणी कोणाला चिमटा काढला याची तीन साक्षीदारांकडून चार उत्तरं आली. कमळीनं एकेकाला गूळ-खोबरं देऊन तोंडं बंद केली. खोबरं संपलं तशी तोंडं उघडली.

"आजी, बोअर होतंय."

"होऊ दे. त्यानं कोन मरत नाय."

पाऊस वाढला तशी कौलं गळायला लागली. कमळीनं ठिकठिकाणी भांडी मांडली. इथं टोप, तिथं परात, पलंगापाशी पितळेचा हंडा. आणि इथं तिचं चुकलं. क्लेटनचा बाप फ्लॉईड लग्नाच्या ब्रास बँडमध्ये ट्रम्पेट वाजवतो. ज्या पोरानं पाळण्यात वरात ऐकली, त्याच्यासमोर टपटप वाजणारी सात भांडी मांडायची म्हणजे काय?

क्लेटननं परातीला कान लावला. मग टोपाला. मग चमचा आणला.

दहा मिनिटांत वरात तयार. खुशी नवरी. डोक्यावर अळवाचं भलंमोठं पान, देठ मागं शेंडीसारखा. तिला नवरा नव्हता, पण त्यावाचून अडलं नाही. वेदांत परात बडवतोय, अनुष्का दोन झाकणं आपटतेय, क्लेटन नरसाळं तोंडाला लावून गाल फुगवतोय. कमळी ओरडली, पण वरातीत म्हाताऱ्या माणसाचं कोण ऐकतं? वरात पलंगाला वळसा घालून, मशीनच्या खोक्याला मान देऊन, मोरीकडं वळली. आणि टोपलीसमोर येऊन क्लेटननं नरसाळ्यातून लांबलचक शेवटचा सूर मारला.

राखी टोपलीतून उडाली ती सरळ माळ्यावर. पिसं खाली येत राहिली. वरून तिनं ज्या शिव्या दिल्या, त्या कोणत्याही बोलीत कळल्या असत्या.

सगळं थांबलं. फक्त भांड्यांत पाणी पडत होतं.

कमळी उठली. गुडघा कडकला. तिनं टोपलीत वाकून बघितलं. दोन अंड्यांना बारीक तडा गेला होता, आणि एका तड्यातून सुईच्या टोकाएवढी चोच दिसत होती.

"मेलं?" खुशीनं विचारलं.

"अजून नाय. पन गार परली तर मरतील. आनि तुजी आई मोरीत मशीन लावील."

"मग कोंबडीला पकडून परत बसव ना," वेदांत म्हणाला.

"जबरदस्तीनं बसवली तर अंडी तुडवील. आपल्या मनानं आली पायजे. आनि तुमी असा इचका करत ऱ्हायलाव तर ती दिवालीलाच उतरील."

तिनं खुंटीवरची जुनी गोधडी काढली आणि अंड्यांची ऊब जाऊ नये म्हणून टोपली वरून झाकली. मग कमरेवर हात ठेवून चौघांकडं बघितलं. रागावून काही होणार नव्हतं. रागावलेली पोरं रडतात, आणि रडणं वरातीपेक्षा मोठं वाजतं. अळू पडलं होतं, वेळ जात होता.

ती स्वयंपाकाच्या बाजूला गेली आणि चार बटाटे घेऊन आली.

"कोंबरीनं काम सोरलान. आथा तुमी खुडूक बसा."

"म्हणजे?"

"म्हंजे हे तुमचं अंड. ह्यावर बसाचं. उठाचं नाय, बोलाचं नाय. खुडूक कोंबरी फकस्त क्रुक करते, ता बी घशात. ज्याचं अंड गार, त्याला दुपारी भाकरी नाय."

"आजी, हा बटाटा आहे," अनुष्का म्हणाली.

"तू बसून तर बग. बसलेल्या कोंबरीनं कदी इचारलाय, ह्यात काय हाय?"

 अनुष्कानं प्लॅस्टिकचा टब घेतला, कारण तो सगळ्यांत स्वच्छ होता. वेदांत परातीत बसला. क्लेटननं अळवाची रिकामी पाटी पटकावली. खुशीसाठी घमेलं उरलं, कपाटासमोर. पण तिनं बसायच्या आधी आत बघितलं आणि म्हणाली, "राखीला पेंढा आहे. मला पण."

कमळीनं दोन मुठी पेंढा घातला. खुशीनं बटाटा मधोमध ठेवला, फ्रॉक सारखा केला आणि मांडी घालून बसली. डोक्यावरचं पान तिनं काढलं नाही.

आणि घर गप्प झालं. चार दिवसांत पहिल्यांदा.

कमळी अळवाकडं वळली. एक जुडी. दोन. माळ्यावरून राखी मान वाकडी करून खाली बघत होती. हा काय प्रकार आहे, हे तिलाही कळत नसावं.

"क्रुक," वेदांत म्हणाला.

"क्रुक क्रुक," टबातून उत्तर आलं.

"एकवीस दिवस बसायचं?" क्लेटन कुजबुजला.

"कोंबरी बोलत नाय."

"पण मला शू आली."

"कोंबरी दिसातून एकदा उठते. जा, आनि चटकन ये. अंड झाकून जा."

क्लेटननं आपला शर्ट काढून बटाट्यावर टाकला, उघडाच मोरीत गेला, उघडाच आला आणि बसण्याआधी बटाट्याला हात लावून बघितला. "गरम आहे," तो म्हणाला, आणि त्याला स्वतःलाच बरं वाटलं.

बारा जुड्या झाल्या. पंधरा झाल्या. आता चौघांनाही क्रुक करायची लय सापडली होती, घशातल्या घशात, झोपाळू. खुशीचा आवाज आधी बारीक झाला, मग बंद पडला. ती एका बाजूला कलली, घमेल्याच्या काठावरून ओघळली आणि जमिनीवर अंगाचं मुटकुळं करून झोपली. पेंढ्यात बटाटा उघडा पडला.

माळ्यावर पंख फडकले. राखी आधी झोपाळ्याच्या कडीवर आली. तिथून पलंगावर. तिथून खाली. मान पुढंमागं करत ती टोपलीकडं निघाली, आणि कमळीचा हात सोपटावर थांबला. चौघांपैकी जागी असलेली तिघंही श्वास रोखून बघत होती.

राखी टोपलीपाशी आली. तिनं गोधडी बघितली. एका बाजूनं, मग दुसऱ्या बाजूनं. मग चोचीनं एकदा टोचून पाहिली. आणि माघारी फिरली.

कमळीनं स्वतःच्या कपाळावर अळवाचा हात मारून घेतला. टोपली झाकली कोणी, तर हिनंच. कोंबडीला काय दिसणार, गोधडीवरचं ठिगळ? चाळीस वर्षं कोंबड्या बसवल्या आणि ऐन वेळी बिछाना पसरून ठेवला. चूक कोणाची, हे तिनं पुढं कोणाला सांगितलं नाही.

राखी खोलीभर फिरली. तिनं क्लेटनच्या पाटीत डोकावलं. क्लेटननं दोन्ही हातांनी बटाटा झाकला. मग ती कपाटासमोरच्या घमेल्यापाशी थांबली. पेंढा होता. पेंढ्यात गोल काहीतरी होतं. ती आत चढली, दोनदा गोल फिरली, पोट फुगवलं आणि खुशीच्या बटाट्यावर ठाण मांडून बसली. डोळे अर्धे मिटले.

वेदांतच्या तोंडातून हसू फुटणार होतं, अनुष्कानं त्याचं तोंड दाबलं.

कमळी हळूच सरकत टोपलीपाशी गेली. गोधडीखाली अंडी अजून कोमट होती. कोंबडी इकडं आणता येत नव्हती, म्हणजे अंडी तिकडं न्यायला हवीत. पण एकेक उचलायचं, गुडघ्यावर रांगत जायचं, परत यायचं, अकरा वेळा, ह्या गुडघ्यांनी? तोवर बाकीची गार.

तिनं बोटानं तिघांना बोलावलं. सकाळी ह्याच पोरांच्या हातात तिनं रिकामा पेलाही दिला नसता. पण अर्धा तास ती कोंबड्या झाली होती.

"दोन हातांत एक अंड," ती कानात बोलली. "पलायचं नाय. मना नेऊन द्याचं."

ती घमेल्यापाशी बसली आणि पोरं ये-जा करू लागली. अनुष्का ओठ घट्ट मिटून चालत होती. क्लेटन चर्चमध्ये मेणबत्ती घेऊन चालतात तसा, पावलाला पाऊल लावून, हनुवटी वर. कमळी अंडं घ्यायची, तळहात पालथा करून राखीच्या पोटाखाली सरकवायची. राखी दर वेळी घशात गुरगुरायची, एकदा तिनं कमळीचं मनगट फोडलं, पण उठली नाही. तिसऱ्या अंड्याला कमळीनं आतला बटाटा काढून घेतला. तडा गेलेली दोन अंडी तिनं स्वतः उठून आणली.

दहावं अंडं वेदांतकडं होतं. तो अर्ध्यात आला आणि त्याच्या हातात काहीतरी फुस्स झालं.

आधी कोणाला कळलं नाही. मग वास आला.

तो वास कसा होता हे लिहून उपयोग नाही. ज्यानं घेतलाय त्याला माहीत आहे, ज्यानं घेतला नाही त्यानं सुखात राहावं. वेदांत जागच्या जागी उभा, दोन्ही हात पुढं, बोटांतून हिरवट काहीतरी गळतंय, डोळ्यांत पाणी, आणि गाल टम्म फुगलेले, कारण ओरडायचं नाही हे त्याला लक्षात होतं. क्लेटननं नाक दाबून तोंड भिंतीकडं फिरवलं. अनुष्कानं आपल्या फ्रॉकनं चेहरा झाकला.  खुशी झोपेत नाक मुरडून कुशीवर वळली.

"मी मारलं?" वेदांतनं ओठांनी विचारलं.

कमळीनं मान हलवली. "नासका व्हता तो. चार दिस झालं मना वास येत व्हता. मना वाटला कल्पेशचं मोजं."

वेदांत दार ढकलून पडवीत गेला आणि पागोळीखाली हात धरून बराच वेळ उभा राहिला.

अकरावं अंडं पोचलं. राखीखाली आता दहा अंडी. कमळी भिंतीला टेकली. तेवढ्यात बाहेर वीज कडाडली, भांडी थरथरली आणि राखीनं मान ताठ केली. अनुष्का टोपलीकडं गेली, पेंढा चाचपला आणि कोयता मुठीला धरून, जपून, घेऊन आली.

"आजी, हा राहिला."

"अर्थिंग?"

"ठेव गं तू," अनुष्का म्हणाली.

कमळीनं कोयता घमेल्याखाली सरकवला.

मीरा त्या दिवशी लवकर आली. कारखान्याच्या दारात पाणी चढायला लागलं म्हणून तीन वाजताच सोडलं होतं. दारात रेनकोट झटकताना तिला आधी कोपरा दिसला. टोपली उचललेली, पेंढा झाडलेला, नळ मोकळा, बोर्ड मोकळा. ती उंबऱ्यावरच थांबली. नाक आक्रसलं, पण तिनं ते मनावर घेतलं नाही.

"आई, कोपरा रिकामा केलात?"

"केला," कमळी म्हणाली. वर बघितलंसुद्धा नाही. सदतिसावी जुडी चालली होती.

मीराचा चेहरा उतरला. इतके दिवस कोपरा हवा होता, पण हा असा? "म्हणजे पिल्लं... मला तसं नको होतं हो आई. मी आपली..."

कपाटासमोरून बारीक चिवचिव आली. मीरानं वळून बघितलं. घमेल्यात राखी, राखीच्या पंखाखालून ओलं राखाडी डोकं, आणि समोर चार पोरं अर्धगोल करून बसलेली. तिघांच्या खाली एकेक बटाटा. खुशी जागी झाली होती आणि आपल्या घमेल्यात कोंबडी बघून तिनं आपलाच बटाटा उबून निघाला असं ठरवून टाकलं होतं. तिची समजूत काढायच्या भानगडीत कोणी पडलं नव्हतं.

"सगलीच नाय निंगाली अजून," कमळी म्हणाली. "उद्यापरयंत निंगतील. तुजं मशीन लाव तू, कोपरा तुजाच."

मीरा हसली. मग तिला कपाट दिसलं. घमेलं दाराला अगदी चिकटून. "पण कपाट कसं उघडायचं? ह्यांचे ऑफिसचे कपडे आतच आहेत."

"चार दिस नाय उघराचं. कोंबरी आपल्या मनानं बसली हाय, आथा तिला हलवता नाय येनार. कल्पेशला सांग, सदरा धुवून तोच घाल. मशीन हाय ना आथा."

मीरा पदरानं तोंड पुसायच्या निमित्तानं तोंड झाकून स्वयंपाकाकडं गेली. जाताना तिनं बटाट्यांच्या टोपलीत बघितलं आणि विचारलं, "रात्रीच्या भाजीला चार बटाटे ठेवले होते, ते कुठं गेले?"

 क्लेटन आपल्या पाटीत जरा खोल बसला.

"क्रुक," वेदांत म्हणाला.

चार वाजून गेले होते. टेम्पोला तासही राहिला नव्हता आणि तेरा जुड्या बाकी. कमळीनं पुढ्यातली पानं सरळ केली, एक पान कमी पडलं, हात लांब करून खुशीच्या डोक्यावरचं काढून घेतलं, झटकलं, देठ बाकीच्यांच्या बरोबरीला आणला आणि सोपट आवळलं.